चक्क्याने पास केलेला एसी

आमच्या घरात दार लावायची पद्धत नाही. कोथरूडच्या त्याच फ्लॅटमध्ये मी लहानाची मोठी झाले, खराडीच्या एका ऑफिसात नोकरीला लागले, पण माझ्या खोलीचं दार जरा वेळ लागलेलं दिसलं की बाहेरून आई विचारायची, “बरं वाटत नाहीये का गं?” एकटं बसावंसं वाटणं हे आमच्याकडे आजाराचं लक्षण होतं, आणि त्यावर काढा होता.

म्हणून मी एसीचा विषय काढला. घरून काम आहे, उन्हाळा आहे, लॅपटॉप तापतो, अशी बरीच कारणं दिली. खरं कारण एकच होतं. एसी चालू असला की दार लावावंच लागतं.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून बाबा प्रत्येक खरेदी कर्जाच्या अर्जासारखी तपासतात. मोठ्या कंपन्यांचे भाव ऐकून आम्ही नगर रस्त्यावरच्या एका दुकानात गेलो. तिथे परदेशातून आलेले स्वस्त विंडो एसी भिंतीला टेकवून ठेवले होते. नावं जपानी वाटावीत अशी, आणि चीनचा उल्लेख मागच्या बाजूला बारीक अक्षरांत. बाबांनी एकाचा कोपरा उचलून पाहिला. “जड आहे,” ते समाधानाने म्हणाले. मग आई माठ घेताना मारते तशी त्याच्या पाठीवर टिचकी मारली. शेवटी त्यांनी खिशातून स्ट्रॉबेरी काढली. ती आमच्या फ्रिजवरची, महाबळेश्वरहून आणलेली, मागे चुंबक असलेली. एसीच्या नळ्या तांब्याच्या हव्यात, ॲल्युमिनियमच्या नकोत, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. या नळ्यांना वरून काळा रंग दिलेला, त्यामुळे डोळ्यांना काही कळत नव्हतं. स्ट्रॉबेरी नळीला चिकटली नाही.

“तांबं,” बाबा म्हणाले.

“साहेबांना यातलं कळतं,” दुकानदार म्हणाला.

चुंबक ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही, हे मला शाळेत शिकवलं होतं, पण इंग्रजीतून. मी स्ट्रॉबेरी पर्समध्ये ठेवली आणि गप्प राहिले. निघताना दुकानदार म्हणाला, “आठवड्याभरात नाही पसंत पडला तर परत घेऊ.” एवढं वाक्य त्याने पोटात ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

एसी खिडकीत बसला आणि माझ्या खोलीत पिठाची गिरणी सुरू झाली. बाबांचं तोंड वाकडं झालं. मला मात्र तो आवाज फार आवडला. गिरणीत आपण फोनवर काय बोलतो ते बाहेर ऐकू जात नाही. फोनवर कोण असायचं हे मी घरी सांगितलं नव्हतं. इथेही सांगणार नाही.

मग खालच्या मजल्यावरचे काका एसी बघायला आले. ते कारखान्यातून निवृत्त झालेले, आणि सोसायटीतल्या प्रत्येक नव्या वस्तूवर शेरा मारणं हे त्यांचं उरलेलं काम. ते सरळ माझ्या पलंगावर बसले. बाबांनी त्यांना स्ट्रॉबेरीची परीक्षा कौतुकाने सांगितली. काकांनी चहाचा घोट घेतला.

“तुमची पोह्यांची कढई कशाची आहे?”

“ॲल्युमिनियमची.”

“तिला लावून बघा स्ट्रॉबेरी. नाही चिकटली, तर तांब्याच्या भावात विकून टाका.”

काका गेल्यावर बाबांनी खरोखरच स्वयंपाकघरात जाऊन कढईला स्ट्रॉबेरी लावली. ती खाली पडली. “परत देऊन टाकू,” ते बाहेर येत म्हणाले. “आणि आवाज तरी केवढा!”

“आवाजाची सवय होते, बाबा.”

“कोणाला?”

“मला झाली.”

“इतक्यात?” त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मी लॅपटॉपकडे पाहिलं.

मला वाचवलं आईने, अर्थात तिच्या स्वतःच्या कारणासाठी. रविवारी पाहुणे यायचे होते आणि श्रीखंड करायचं होतं. एप्रिलच्या उकाड्यात चक्का टांगला की संध्याकाळपर्यंत आंबट होतो, आणि फ्रिजमध्ये ठेवला तर त्याला आलं-लसणाचा वास लागतो. “अहो, गार करतो की नाही ते बघा ना,” ती म्हणाली. “नळ्या काय चाटायच्या आहेत?”

शनिवारी सकाळी तिने दह्याच्या दोन पुरचुंड्या बांधल्या. एक स्वयंपाकघरात खुंटीला टांगली, दुसरी माझ्या पुस्तकांच्या कपाटाच्या कडीला, खाली पातेलं ठेवून. नेमकं त्या दिवशी मला जादा काम होतं. मीटिंगमध्ये मागे ठिबकणारा पंचा दिसू नये म्हणून मी कॅमेरा बंद ठेवला. माझं दार राहणार की जाणार, हे आता त्या पंच्यात होतं, आणि मी अधूनमधून वळून त्याच्याकडे पाहत होते.

संध्याकाळी बाबांनी आधी स्वयंपाकघरातला चक्का चाखला आणि एक डोळा मिटला. मग माझ्या खोलीतला चाखला. पुन्हा बोट बुडवलं. तटस्थ मत हवं म्हणून काकांना वर बोलावलं. त्यांनी दोन्ही चाखले आणि वाटी खाली ठेवली. “मशीन भिकार आहे,” ते म्हणाले. “चक्का उत्तम.”

एसी राहिला.

आता दुपारी माझ्या खोलीचं दार नियमाने बंद असतं. आत इडलीचं पीठ असतं. पलंगावर आई पडलेली असते, खुर्चीत बाबा पेपर घेऊन बसतात, आणि चक्का कसा लागतो हे पाहण्याच्या निमित्ताने काकाही येतात, चक्का नसला तरी. मी लॅपटॉप आणि फोन घेऊन बाहेर हॉलमध्ये बसते. वर पंखा गरम हवा ढवळत असतो. आत गिरणी चालू असते, त्यामुळे मी बाहेर काय बोलते ते त्यांना ऐकू येत नाही.

“बाहेर उकडत नाही का गं?” बाबा कधीतरी आतून ओरडून विचारतात.

“नाही!” मीही ओरडून सांगते.

“मग दार नीट लाव,” आई म्हणते. “गार हवा जाते सगळी.”

मी उठते आणि नीट लावते.