रेडिएटरमधलं आगळ

जयवंत परबच्या स्पोर्ट्स कारच्या रेडिएटरमध्ये मी सोलकढीसाठी ठेवलेलं कोकमाचं आगळ ओतलं. मुद्दाम नाही. तो गाडीखाली आडवा होता, बाहेर फक्त पाय दिसत होते. पाय म्हणाले, "मागची लाल बाटली घे आणि ओत." मागच्या पंखावर पाण्याच्या जुन्या बाटल्यांची रांग होती आणि सगळ्या लाल होत्या. मी हाताला आली ती ओतली. शेवटच्या थेंबापर्यंत ओतली. कामात अर्धवटपणा मला खपत नाही.

आता गाडीच्या पंखावर आगळ कशाला, असं कुणी विचारेल. आमच्या लालबागच्या चाळीत असं कुणी विचारत नाही. त्या पंखाला स्पॉयलर म्हणतात आणि तो गाडी सुसाट पळताना तिला जमिनीला धरून ठेवतो. ही गाडी मुळीच पळत नसल्यामुळे स्पॉयलर रिकामा असतो. मग जयवंतची आई, गंगुबाई, त्याच्यावर उन्हाळ्यात आमसुलं वाळवतात आणि पावसाने उघडीप दिली की गावाहून आणलेल्या आगळाच्या बाटल्या उन्हाला ठेवतात, बुरशी धरू नये म्हणून. जयवंतनेही इंजिन थंड ठेवणारं लाल कूलंट तसल्याच बाटलीत कालवून तिथेच ठेवलं होतं. जागा मोक्याची ना!

जयवंत लिफ्टचा मेकॅनिक आहे. प्रभादेवीच्या एका टॉवरमध्ये लिफ्ट दुरुस्त करायला गेला असताना परदेशी निघालेल्या एका साहेबांनी पार्किंगमधली ही लाल, दोन दारांची, बसकी जपानी गाडी दाखवून विचारलं, "घेऊन जातोस का?" जयवंत पन्नाशीचा, बिनलग्नाचा. त्याने आयुष्यात पहिल्यांदाच विचार न करता हो म्हटलं. मीटरवर दोन लाखांवर किलोमीटर झाले होते. हे सगळे साहेबांच्या काळातले. जयवंतकडे आल्यापासून तिने जो काही प्रवास केला तो जॅकवर, वर आणि खाली.

"सून घरात हाड म्हटलंय, तर हेना गाडी हाडल्यान," गंगुबाई सगळ्यांना सांगतात. "वर तिका नेसवूकय माकाच लागता." हे खरं आहे. गाडीचं कव्हर त्यांनीच जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून केलंय. आमच्याकडे आलेल्या पाहुण्याला अंगणात कुणीतरी आजारी झोपलंय असं वाटतं.

बाकी दुनिया स्पोर्ट्स कार विकत घेतल्यावर ती आणखी खाली बसवते. जयवंतने ती वर उचलली. कारण चाळीच्या दरवाजाला दगडी उंबरा आहे. आत आणताना पोरांनी गाडी पालखीसारखी खांद्यावर घेतली होती, पण रोज कोण खांदा देणार? म्हणून त्याने तिला टॅक्सीच्या स्प्रिंगा घातल्या. आता ती पाण्यातून चाललेल्या कोंबडीसारखी दिसते, सगळं अंग आवरून घेतलेली. दाराला त्याने लिफ्टमधला जुना स्पीकर जोडलाय. दार नीट लागलं नाही की आतली बाई गोड आवाजात म्हणते, "कृपया दरवाजा बंद कीजिए." दार कधीच नीट लागत नाही.

हे सगळं वर्षानुवर्षं असंच चाललं असतं. पण यंदा गणपतीचा मांडव मोठा करायचं ठरलं आणि पुढचा खांब नेमका गाडीच्या बॉनेटवर येत होता. मंडळाचा सेक्रेटरी दीपक साटम खाली आला. दीपक आमच्याबरोबर गोट्या खेळलेला, पण सेक्रेटरी झाल्यापासून तो चाळीशीही नाकावर ठेवून बोलतो.

"जयवंता, रविवारी सकाळी पहिला खांब. त्याआधी गाडी बाहेर पायजे."

"जाईल."

"धक्का मारून नाय हां. मीटिंगमध्ये ठराव झालाय. चालू गाडी असेल तर चाळीत जागा. बंद पडलेलं सामान असेल तर भंगारवाला. मी त्याला रविवारचं बोलवूनच ठेवलंय."

"स्वतःच्या चाकावर जाईल."

"चाकं आहेत ते दिसतंय रे. मधलं विचारतोय."

शनिवारी सकाळी ते मधलं, म्हणजे इंजिन, पहिल्यांदा धडधडलं. सगळी गॅलरी कठड्याला लागली. आणि त्याच शनिवारी मी ती बाटली ओतली.

इंजिन तापलं तशी पुढून वाफ आली. जयवंत गाडीखालून बाहेर सरकला आणि नाक वर करून उभा राहिला.

"सोलकढी कोण करतंय रे?"

वरून गंगुबाईंचा आवाज आला, "माजी आगळाची एक बाटली खंय गेली?"

जयवंतने माझ्याकडे पाहिलं. मी रिकाम्या बाटलीकडे पाहिलं. मग आम्हा दोघांच्या एकदमच डोक्यात आलं, की आगळ गाडीत गेलं असेल तर कूलंट कुठे गेलं? गंगुबाईंनी मघाशी वर नेलेल्या बाटल्यांत! ते तर विषारी! जयवंत जिन्याच्या पायऱ्या कशा चढला ते त्यालाच माहीत. स्वयंपाकघरात गंगुबाई एका हातात नारळाच्या दुधाचं पातेलं आणि दुसऱ्या हातात लाल बाटली घेऊन उभ्या होत्या.

"आई, ओतू नको!"

"ओततंय कित्याक? ह्यां आगळ नाय. हलयल्यार फेस येता." त्यांनी बाटली त्याच्या छातीवर दाबली. "माका काय आंधळी समाजलंस?"

कूलंट परत मिळालं, पण जयवंतचा चेहरा उतरला. आगळात मीठ. मीठ आत राहिलं तर रेडिएटर खाऊन टाकणार आणि इंजिन उद्या पुन्हा तापून बंद पडणार. भंगारवाला तर नाश्ता करूनच येणार होता.

"धू," एवढंच तो म्हणाला, आणि रेडिएटरचा खालचा नळ खोलून सगळं खाली सोडलं.

चाळीत बातमी सांगावी लागत नाही. प्यायच्या पाण्याचे हंडे, कळश्या, लहान मुलांच्या आंघोळीच्या बादल्या खाली उतरल्या. वरून ओतायचं, इंजिन जरा फिरवायचं, खालून सोडायचं. निघालेलं पाणी स्टीलच्या वाटीत घेऊन गंगुबाईंना दाखवायचं. त्या वाटी उजेडाला धरायच्या, तांदूळ धुताना धरतात तशी, आणि म्हणायच्या, "आजून एक पाणी." लिफ्टमधली बाई मध्येमध्ये सगळ्यांना दरवाजा बंद करायला सांगत होती. दीपकही आला. सेक्रेटरीला शोभेल इतक्या लांब उभा राहिला आणि मग त्याने स्वतःच्या घरची बादली आणली.

"ठराव ठरावाच्या जागी," तो मला म्हणाला, "पण वास सहन होत नाय रे. भूक लागते."

संध्याकाळी गंगुबाईंनी वाटी पाहून मान डोलवली.

रविवारी मांडववाले बांबू घेऊन उभे. गेटाबाहेर भंगारवाला हातगाडीला टेकून उभा. जयवंतने मला शेजारी बसवलं, म्हणाला, "काहीही झालं तरी कशालाही हात लावायचा नाय." चावी फिरली. इंजिन खोकलं, थांबलं, आणि मग असं गुरगुरलं की कबुतरं उडाली. गाडी उंबऱ्यापाशी आली. पुढची चाकं चढली. पोटाखालून कागद सरकेल एवढीच फट राहिली. मागची चाकं चढली, उतरली. आम्ही रस्त्यावर होतो!

दीपकला इतका आनंद झाला की मांडवाच्या मुहूर्ताचा नारळ त्याने आमच्या चाकापुढे फोडला आणि मग दुसरा आणायला माणूस पिटाळला. भंगारवाल्याने प्रसादाचं खोबरं घेतलं आणि हातगाडी वळवली.

माझ्या अंगात वारं शिरलं होतं. "जयवंता, आता थांबायचं नाय! हिंदमातावरून दादर, दादरवरून सरळ वरळी! बोल, कुठे न्यायची?"

त्याने गाडी चाळीच्या भिंतीला लावली, चावी काढली, आणि वर बघून आईला गोधडी टाकायला सांगितलं.

"विसर्जन झालं की परत आत."