गांडुळांच्या डब्याचं पाणी

गॅलरीतल्या, ओल्या कचऱ्याचं खत करणाऱ्या गांडुळांच्या डब्याखाली काळपट पाणी थेंबथेंब साठतं. त्यात दहापट साधं पाणी मिसळून मगच झाडांना घालायचं, हे बायकोनंच मला शिकवलं होतं. आता इलाज नाही म्हणून डॉक्टरांनी तिला घरी न्यायला सांगितलं, तेव्हापासून मी ते जास्वंदीला रोज साधं पाणी न मिसळताच ओतत गेलो. एक तरी फूल तिनं पाहावं, एवढंच मनात होतं. मुळं करपली. वेळ थोडा उरला की माणसाला मायेचंही माप राहत नाही.

"कळी आली का हो?" ती आतून विचारायची.

"येईल," मी म्हणायचो.

आज सांगून टाकलं, "मीच जाळली गं जास्वंद."

"त्या पाण्याच्या वासावरून कळलं होतं मला. घाई तुमची नेहमीचीच!" मग हळूच म्हणाली, "पण तुम्ही 'येईल' म्हणायचात ना, तेवढं बरं वाटायचं."

उद्या ती विचारणार नाही आणि मलाही 'येईल' म्हणता येणार नाही.