तिसरा कागद

आखातात, महबूल्यातल्या झुलेखाबीच्या ओट्यावर रोज सकाळी बावीस डबे रांगेने लागतात. ते भरताना कुणी मध्ये लुडबुडलेलं तिला खपत नाही. तरी त्या दिवशी लेक लुबना कॉलेजचा अभ्यास घेऊन तिथेच बसली. महायुद्धानंतरच्या अमेरिकेत बाईला कसं रंगवलंय, हे तिला दोन मजकुरांची तुलना करून लिहायचं होतं.

पहिली होती मासिकातली जाहिरात. मोत्यांची माळ घातलेली बाई ओव्हनपुढे हसत होती.

"हिने जन्मात बांगडा तळलेला नाही," झुलेखाबी फणकारली.

दुसरं होतं एका गृहिणीचं पत्र. लुबनाने ते मराठीत वाचून दाखवलं. 'दिवसभर राबते, पण फॉर्मवर व्यवसाय विचारला की "काही नाही" लिहिते.'

झुलेखाबीचा झारा थांबला. "ही खरी!" हात पुसून तिने कपाटातून आपला इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना काढला. लुबनाने त्यावरचं अरबी वाचलं: नवऱ्याची आश्रित.

"हाही जोड."

"पण अम्मी, ही अमेरिका नाहीये!"

"नसू दे गो. तुझ्या मॅडमला सांग, या आश्रितेच्या हातचं रोज बावीस माणसं जेवतात. नवरा धरून तेवीस."