दहा घरचा तांदूळ

एस्तरबाई खुर्चीवर पूर्ण अशा कधी बसल्याच नाहीत. टोकावर टेकायच्या आणि बोलता बोलता उठून दाराशी जायच्या. बल्लारपूरला रेल्वे क्वार्टरांमागच्या आमच्या चर्चमध्ये गरजू घरांसाठी धान्याची खोली होती, ती चालायची त्यांच्या पायांवर. आम्ही चार-पाच जणी बुधवारी दुपारी मदतीला. नव्वदचं दशक सरत आलं होतं. ठेकेदारीची कामं कधी असायची, कधी नसायची.

खोलीतला तांदूळ म्हणजे घरोघरची मूठ. भात टाकताना एक मूठ बाजूला काढायची आणि रविवारी चर्चच्या पिंपात ओतायची. कुणाची मूठ जाड तांदळाची, कुणाची बारीक, तेलुगू घरांची उकड्याची. शिजवलं की एक शीत लगदा, दुसरं दाताखाली कचकन. खाणारं तक्रार कशी करणार?

त्या बुधवारी धुरपतानं डाळ घेतली, तेल घेतलं, तांदळाची पिशवी मात्र परत सरकवली. तिचा नवरा मुखरू लाकडाच्या थप्पीवरून पडून अंथरुणाला खिळला होता.

"आज तांदूळ नको, बाई."

"काऊन वं? घरी हाय का?"

"नको म्हणलं ना." आणि ती गेलीसुद्धा.

एस्तरबाईंचा जीव थाऱ्यावर राहिना. मापटं इथे ठेवलं, तिथे शोधलं. एकीला दोनदा साखर दिली. शेवटी किल्ली माझ्या हातात कोंबून निघाल्याच. परतल्या त्या दारातूनच बोलत.

"उद्या तिच्या दीपिकाले पाहायले येऊन राह्यले. ब्रह्मपुरीचे, धानवाले लोक! एका घासात समजते त्याईले, का हा दहा घरचा तांदूळ हाय. मंग पोरीचं काय?"

"मग वाढणार काय?"

"भाकरी म्हणते. पाहुण्याले भात नाई, असं कुठी असते का?"

एस्तरबाईंच्या स्वतःच्या डब्यात उकडा. तो ब्रह्मपुरीवाल्यांपुढे चालणार नव्हता. आम्ही दोघी नूरुद्दीनभाईंच्या दुकानात गेलो. गल्ल्याशेजारी त्यांची बायको सलीमा शिलाई मशीनवर बसलेली.

"बारीक तांदूळ द्या, भाऊ," एस्तरबाई म्हणाल्या.

मशीन थांबलं. "बाई, तुमच्याकडे तं उकडा शिजते. हा कोणासाठी?"

"पाहुणे हायेत."

"कोणाकडे?"

"माझ्याचकडे." खोटं बोलताना एस्तरबाईंचे कान लाल व्हायचे. ते झाले.

सलीमानं दोरा दातानं तोडला. "दीपिकाचं ब्लाउज मीच शिवलं, बाई. उगाच कशाले?" मग नवऱ्याला म्हणाली, "अजी, जुना द्या. नवा चिकट होते. अन् आपल्या घरची पिशवी द्या, चर्चची पिशवी सारी वस्ती ओळखते."

पिशवी त्याच संध्याकाळी धुरपताकडे पोचली. दुसऱ्या दिवशी मात्र तिच्याकडे जायची सोय नव्हती. एस्तरबाई तिच्या दारात दिसल्या की पाहुण्यांना कुणीतरी सांगणारच, या कोण ते. म्हणून त्या तिचं दार दिसणाऱ्या नळावर गेल्या. कळशी भरली, घरी ओतली, पुन्हा निघाल्या. रांजण वाहू लागला तरी खेपा चालूच.

"तुमच्या घरी आग लागली का वं?" नळावरची एक म्हणाली. एस्तरबाईंना ऐकूच गेलं नाही.

संध्याकाळी दीपिका झाकलेली वाटी घेऊन आली. आत भात, शीत न् शीत सुटं.

"त्याईच्या आत्यानं दोनदा मांगला. इचारलं, तांदूळ कुठला?"

"मंग?"

"माय म्हणली, दुकानातला."

"खरंच हाय. अन् होकार?"

"रविवारी सांगतो म्हणले." पोरगी हसली, पण ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

रविवार उजाडेपर्यंत एस्तरबाईंनी कुठून तरी आणखी दोन पिंपं पैदा केली. भक्ती संपली आणि त्या दाराशी उभ्या. "जाड इकडे, बारीक मधात, उकडा तिकडे!"

पाळकसाहेबांनी विचारलं, "हे काय, बाई?"

"उंदीर लागले होते, साहेब." कान लाल.

इतक्यात फाटकाशी धुरपता दिसली. ती आत आली नाही. नुसता हात वर केला, मूठ मिटलेली. एस्तरबाई धावत गेल्या. धुरपतानं मूठ उघडून साखर त्यांच्या तोंडात घातली आणि पदर डोळ्यांना लावला. एस्तरबाईंनी तिचा खांदा धरला. आता तरी या बाई घडीभर थांबतील, असं मला वाटलं.

तेवढ्यात त्यांची मान मागे वळली. तोंडात साखर तशीच.

"ए, उकडा तिकडे म्हणलं ना!"