तोंडात केळं

जळगावात आमच्या शेजारी एक निवृत्त अधिकारी राहतात. आयात-निर्यातीच्या नियमांत त्यांची हयात गेली. आता आफ्रिकेतल्या एका लहानशा देशाच्या व्यापार मंत्रालयाचे ते सल्लागार आहेत; काही महिने तिकडे, उरलेले इथून व्हिडिओ कॉलवर.

सल्लागार असून हा माणूस सल्ला देत नाही. कॉलनीच्या पाण्यासाठी अर्ज लिहून द्या म्हटलं, तर खिशातलं पेन माझ्याच हातात देऊन म्हणाले, "तू लिख. मी आठेच शे," आणि इथेच बाजूला बसून राहिले. उत्तर अगदीच ओठांवर आलं की ते केळं सोलतात. तोंड भरलेलं असलं की बोलता येत नाही, एवढीच युक्ती.

परवा मी त्यांच्या घरी असताना तिकडच्या एका तरुण अधिकारी मुलीचा कॉल आला. दुसऱ्या दिवशी मोठ्या शेजारी देशाशी आयातशुल्काची बोलणी होती. मसुद्यातलं एखादं कलम आपल्याला महागात पडणार हे तिला जाणवत होतं. कुठलं, ते सापडत नव्हतं. यांना ते ठाऊक होतं, हे मला केळी सोलण्याच्या वेगावरूनच कळलं. तिसरं केळं संपता संपता ती ओरडली, "सापडलं!" यांनी भरल्या तोंडानेच टाळ्या वाजवल्या.

आज सकाळी केळ्यांची अख्खी फणी घेऊन ते दारात उभे.

"काय नाना, जमली बोलणी?"

"जमली! आज दुसरी फेरी शे, अन् तिनं मला फोनच नाही केला!" फणी माझ्या हातात ठेवून ते म्हणाले, "घे, बठ्ठी फणी तुलेच. मला आता लागणार नाहीत."