दहापैकी दहा

"झ्याक हाय! धा लिवा," असं मावशी दारातूनच हात उडवून सांगायच्या. अजून कुणी काही विचारलेलंही नसायचं.

डायलिसिसवरची माणसं तुम्ही पाहिली असतील, तर असं बोलणारं माणूस विरळा, हे तुम्हालाही ठाऊक असेल. नव्वदच्या दशकाच्या शेवटी बारामतीतल्या एका छोट्या दवाखान्यात मी सिस्टर होते. मशीन दोनच. मावशींची भिगवणला हायवेलगत मच्छीची खानावळ. एसटीने यायच्या. सुई टोचली की डोळे मिटून मला चिलापीच्या कालवणाची कृती सांगायच्या. स्वतःला मात्र पाणीसुद्धा मोजून प्यावं लागायचं.

आमचे डॉक्टर दर महिन्याला सगळ्यांना विचारत, "झोप, भूक, चालणं, मन. शून्य ते दहात कसं चाललंय?" पेशंटचं जगणं मोजायचं होतं त्यांना. हेतू चांगलाच होता. पण नळ्यांनी जखडलेल्या माणसाला "मन कसं आहे" असं विचारलेलं ऐकलं की मला चीड यायची.

शेजारच्या पलंगावर इंदापूरचे एक गुरुजी असत. त्यांनी सगळ्यालाच शून्य दिलं. "खोटं कशाला सांगू?" म्हणाले. थोड्याच दिवसांत ते घरी वारले आणि त्यांच्या जागी कन्हेरीचे तात्या आले.

तेव्हापासून मावशी दहाच्या खाली उतरेनात.

"मावशी, एवढं बरं तर मलाही वाटत नाही," डॉक्टर हसून म्हणाले.

"मग या की भिगवणला. मच्छी खावा, वाटंल."

एकदा मी खिडकीतून पाहिलं. मावशी फाटकाजवळच्या लिंबाला टेकल्या होत्या, छाती गच्च दाबून. जरा वेळाने पदराने तोंड पुसलं, चेहरा नीट केला आणि आत आल्या. "झ्याक हाय!"

"छातीत दुखतंय ना? लपवता कशाला?" मी ओरडलेच.

त्या हळूच म्हणाल्या, "गुरुजींनी शून्य सांगितलं, आन् त्येंची मशीन तात्यांना दिली. नापासाला कोण ठिवतंय?"

"अहो, ते वारले म्हणून दिली!"

"मशीन काढली म्हून मेलं, का मेलं म्हून काढली, तुमी सांगाल ते खरं." मग माझा हात धरला. "मला जगायचंय, सिस्टर. पोरांसाठी न्हाय, कुणासाठी न्हाय. माझं मलाच."

डॉक्टरांनी ईसीजी काढला, गोळ्या दिल्या, गुरुजींचं पुन्हा नीट समजावलं. मावशींनी मान डोलावली. विश्वास काही बसला नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा धा.

मावशी वारल्या त्या खानावळीतच, चुलीपुढे. सून सांगायला आली. छातीत दोन दिवस कळा येत होत्या, पण "दवाखान्यात बोलू नगंस" म्हणून तिला शपथ घातलेली. बोलल्या असत्या तर वाचल्याच असत्या, असं मी म्हणत नाही. पण जगायच्या हट्टापायी ही बाई दुखणं गिळत राहिली, याचा मला अजून राग येतो. काढायचा कुणावर, ते कळत नाही.

त्याच आठवड्यात त्यांच्या पलंगावर एक नवा माणूस आला. पहिलीच वेळ, घाबरलेला.

"माझ्या आदी हितं कोण हुतं?" त्याने विचारलं.

"भिगवणच्या एक मावशी."

"बऱ्या झाल्या व्हय?"

त्याच्या तोंडावर एवढी आशा होती, की मी खाली बघून त्याची शीर शोधू लागले. "हात हलवू नका," एवढंच म्हणाले.