वाहत असतानाच उचला

वरंध गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरात आमची वाडी. तुळसा तिथली. नवरा चांगू मुंबईला कारखान्यात, त्यामुळे शेत आणि दोन म्हशी हिच्या गळ्यात. मास्तरालाही तोंडावर सुनावणारी बाई. तो मास्तर मीच, आणि मला ते आवडायचं असं मुळीच नाही.

२००२ साली तिला पहिल्यांदा रक्ताची उलटी झाली. दुखणं नाही, खुपणं नाही, एकदम भडाभडा रक्त. वाडीचा एक नियम होता: रक्त जात असताना माणूस डोलीत घालायचा नाही, धक्क्यांनी आणखी जातं. थांबल्यावर डोली निघाली, रस्त्यापासून जीपनं महाड. देवधर डॉक्टरांनी घशातून दुर्बीण घालून पोट पाहिलं. साफ! ना जखम, ना गाठ.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच, पुन्हा साफ. शेजारचा भिकाजी म्हणाला, नवऱ्याला बोलवायची नाटकं. नाटकं! परातभर रक्त काय बाजारातून आणते ती?

डॉक्टर मात्र आमच्यावर चिडले. "थांबल्यावर कशाला आणता? क्वचित एखाद्याच्या पोटाच्या अस्तरालगत जाड रक्तवाहिनी असते. फुटली की धो धो वाहते, थांबली की सापडत नाही. वाहत असतानाच आणा."

तिसऱ्या खेपेला ती गोठ्यातच ओकली. डोली आली, तर भिकाजी आडवा. "थांबू दे गो आधी. वाटेत गेलीस तर?"

तुळसाचा चेहरा पांढराफटक. "उचला रे मेल्यांनो! हितं काय अमर हाय मी?"

उचलली. वाटेत ती आणखी एकदा ओकली. तिचा हात गार लागला तेव्हा मी डोलीवाल्यांना पळा पळा म्हणून ओरडत सुटलो.

महाडला आधी सलाइन, मग रक्ताची बाटली, मग दुर्बीण. पोटाच्या वरच्या भागात टाचणीच्या टोकाएवढ्या जागेतून चिळकांडी उडत होती. डॉक्टरांनी तिथं औषध टोचलं, रबराची बारीक कडी बसवून ती शीर आवळली. रक्त थांबलं.

दुसऱ्या दिवशी चांगू आला. मी त्याला म्हटलं, "धीट आहे हो तुमची बायको."

"धीट कसली, मास्तर?" तुळसा खाटेवरून म्हणाली. "मला मरायचं नव्हतं. थांबलं का, थांबलं का, एवढंच इचारायचे सगळे. घाबरलीस का, असं कुणी नाय इचारलं."

आणि ती हमसून हमसून रडायला लागली.